सेकंदांत मोजलेले जीवनसत्त्व

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात जीवनसत्त्वांवरचे माझे व्याख्यान संपले, तेव्हा एक शिक्षिका हातात कागद घेऊन पुढे आल्या. त्यांच्या आईच्या हृदयातली झडप बदललेली होती. तेव्हापासून आईंना वॉर्फरिनच्या गोळ्या चालू होत्या आणि दर महिन्याला रक्त तपासून घ्यावे लागत होते. "घरात आम्ही याला 'के'ची तपासणी म्हणतो," त्या म्हणाल्या. "पण सर, या कागदावर 'के' कुठेच नाही. आकडा आहे तो सेकंदांचा. जीवनसत्त्व मोजायचे आणि एकक सेकंद, हे कसे काय?"

चहाची वेळ झाली होती. मी थोडक्यात काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न अगदी नेमका होता. 'क' जीवनसत्त्व रक्तात मिलिग्रॅममध्ये मोजतात, 'ड' नॅनोग्रॅममध्ये. (जाता जाता एक गोष्ट. इंग्रजी 'सी'ला आपल्याकडे 'क' म्हणत असल्यामुळे 'क' आणि 'के' यांची मुलांच्या डोक्यात हमखास सरमिसळ होते. लिंबू-आवळ्यातले ते 'क' आणि हिरव्या पालेभाजीतले ते 'के', एवढे वर्गात एकदा स्पष्ट करून घ्यावे.) 'के' मात्र शोध लागल्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे माणसाच्या रक्तात प्रत्यक्ष मोजताच येत नव्हते. तरीही त्याची कमतरता ओळखली जात होती, उपचार होत होते, प्राण वाचत होते. नोबेल पारितोषिकसुद्धा देऊन झाले होते. न दिसणारी गोष्ट इतकी वर्षे मोजली कशी, आणि शेवटी ती दिसली तेव्हा काय हाती आले, ते त्या शिक्षिकांना सांगायला हवे होते. ते येथे सांगतो.

कोपनहेगन विद्यापीठात हेन्रिक डाम १९२८-२९ च्या सुमारास एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होते. कोंबडीचे पिल्लू स्वतःच्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार करू शकते, की ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते? हे पाहण्यासाठी त्यांनी पिल्लांना स्निग्ध पदार्थ पूर्णपणे काढून टाकलेले अन्न दिले. मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले : पिल्ले कोलेस्टेरॉल तयार करतात. पण दोन-तीन आठवड्यांनी काही पिल्लांच्या कातडीखाली आणि स्नायूंत रक्त साकळलेले दिसू लागले. त्यांचे रक्त काढून ठेवले तर ते गोठायला फार वेळ लागत होता.

रक्तस्राव म्हटल्यावर पहिला संशय स्कर्व्हीवर, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावावर. लिंबाचा रस देऊन पाहिला, उपयोग झाला नाही. 'अ' आणि 'ड' असलेले कॉड माशाचे तेल दिले, 'इ' असलेले गव्हाच्या अंकुराचे तेल दिले, रक्तस्राव चालूच. कोलेस्टेरॉल परत दिले तरी फरक नाही. हिरवा पाला आणि डुकराचे यकृत यांनी मात्र पिल्ले बरी झाली. स्निग्ध पदार्थांबरोबर आणखी काहीतरी काढले गेले होते. १९३५ मध्ये डाम यांनी त्याला 'के' हे नाव दिले. त्याआधीची अक्षरे कोणी ना कोणी, कमीअधिक सबळ कारणाने, वापरून टाकली होती. आणि रक्त गोठण्याला डॅनिश व जर्मन भाषांत जो शब्द आहे त्याचे पहिले अक्षरही नेमके 'के'च होते. ए, बी, सी, डी, ई नंतर एकदम के कसे, या मुलांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे दुहेरी आहे.

असाच रक्तस्राव १९३१ मध्ये कॅनडातील ग्वेल्फच्या कृषी महाविद्यालयातही दिसला होता. तिथे पिल्लांच्या पंखांना ओळखपट्टी टोचली की तेवढ्या जखमेतून ती रक्त जाऊन मरत. कॅलिफोर्नियात हर्मन आल्मक्विस्ट आणि स्टोकस्टॅड हेही स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले होते. त्यांचा निबंध डाम यांच्या निबंधानंतर थोड्याच काळाने प्रसिद्ध झाला. विज्ञानात असा थोडासा उशीर किती महागात पडतो हे नव्याने सांगायला नको.

आता मोजण्याचा प्रश्न. एखाद्या भाजीत 'के' किती आहे हे पाहण्यासाठी डाम आणि त्यांचे सहकारी फ्रिट्झ शोनहायडर यांच्याजवळ एकच उपकरण होते : पिल्लू. ते 'के'विरहित अन्नावर वाढवायचे, रक्त गोठेनासे झाले की ती भाजी खाऊ घालायची आणि रक्त किती सुधारते ते घड्याळ लावून बघायचे. पालक, कोबी, लसूणघास यांची प्रतवारी अशीच लागली. भाजीसाठी हे ठीक आहे. पण माणसाच्या रक्तातले 'के' कसे पाहणार? रुग्णाचे चमचाभर रक्त पिल्लाला पाजून भागणारे नव्हते.

इथे एक दुसरीच पद्धत मदतीला आली, आणि तीही या कामासाठी शोधलेली नव्हती. आर्मंड क्विक हे अमेरिकन संशोधक कावीळ आणि हिमोफिलिया झालेल्या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास करीत होते. १९३५ मध्ये त्यांनी एक साधी चाचणी मांडली. रक्त काढताना त्यात ऑक्झलेट घालायचे. ते कॅल्शियमला पकडून ठेवते, म्हणून रक्त नळीत गोठत नाही. पेशी खाली बसवून वरचे रक्तद्रव घ्यायचे. त्यात सशाच्या मेंदूचा अर्क आणि मोजून कॅल्शियम टाकायचे, आणि घड्याळ सुरू. गुठळीचा पहिला तंतू दिसला की घड्याळ बंद. निरोगी माणसात हा वेळ साधारण ११ ते १३ सेकंद येतो. यकृतात तयार होणारे प्रोथ्रॉम्बिन नावाचे प्रथिन कमी असेल तर वेळ लांबतो. म्हणून या चाचणीला प्रोथ्रॉम्बिन टाइम म्हणतात. त्या शिक्षिकांच्या कागदावरचे सेकंद ते हेच.

आपल्या घरातही हीच पद्धत वापरली जाते. विरजण चांगले आहे की नाही हे त्यातले जिवाणू मोजून कोणी ठरवत नाही. दही किती वेळात लागले यावरून ठरवतो. क्विक यांची चाचणी म्हणजे रक्ताला विरजण लावणेच होते.

१९३६ मध्ये डाम यांच्या गटाने दाखवले की 'के' न मिळालेल्या पिल्लांत प्रोथ्रॉम्बिन घटते. साखळी जुळली. 'के' नाही, म्हणून प्रोथ्रॉम्बिन नाही, म्हणून सेकंद जास्त. शल्यवैद्यांना पित्तनलिका तुंबून झालेल्या काविळीची फार धास्ती असे, कारण शस्त्रक्रिया नीट पार पडूनही असे रुग्ण पुढे काही दिवसांत रक्तस्रावाने दगावत. 'के' स्निग्ध पदार्थांत विरघळते; आतड्यात पित्त उतरले नाही तर ते शोषलेच जात नाही. १९३८ मध्ये आयोवा विद्यापीठात आणि मेयो क्लिनिकमध्ये अशा रुग्णांना 'के' व पित्तक्षार एकत्र दिले, आणि लांबलेले सेकंद पूर्वपदावर आले. कोपनहेगनहूनही त्याच वर्षी असाच अनुभव नोंदला गेला. रेणूची रचना अजून ठाऊक नव्हती. ती १९३९ मध्ये उलगडली. सेंट लुईसला एडवर्ड डॉइझी यांनी लसूणघासातून 'के-१' आणि कुजवलेल्या मासळीच्या भुकटीतून 'के-२' वेगळे केले. डाम यांनीही झुरिकच्या पाउल कारर यांच्याबरोबर 'के-१' मिळवले. १९४३ चे वैद्यकाचे नोबेल डाम आणि डॉइझी यांना मिळाले.

पण सेकंदांचा हा हिशेब वाटला तितका सरळ नव्हता. क्विक यांच्या समजुतीप्रमाणे चाचणी एकट्या प्रोथ्रॉम्बिनची होती. १९४३ मध्ये नॉर्वेच्या पॉल ओव्रेन यांना एक रुग्ण स्त्री भेटली, जिचे सेकंद लांबलेले होते पण प्रोथ्रॉम्बिन ठीक होते. पुढे कळले की या एका आकड्यात पाच-सहा प्रथिनांचे काम मिसळलेले आहे आणि त्यांपैकी तीनच 'के'वर अवलंबून आहेत. शिवाय यकृतच बिघडलेले असेल तर 'के' भरपूर असूनही सेकंद लांबतात. या दोन कारणांतला फरक कसा ओळखावा? झुरिकचे फ्रिट्झ कोलर यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती अशी : रुग्णाला 'के'चे इंजेक्शन द्या आणि दुसऱ्या दिवशी सेकंद पुन्हा मोजा. कमी झाले तर 'के'ची उणीव होती; नाही झाले तर दोष यकृतात. उपचार हीच तपासणी. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते, कारण तीत महागडे असे काहीच नाही.

सगळ्यात मोठी उणीव वेगळी होती. शरीरात प्रोथ्रॉम्बिनचा साठा गरजेपेक्षा बराच जास्त असतो. तो निम्म्याच्या आसपास उतरेपर्यंत सेकंद फारसे हलतच नाहीत. म्हणजे घड्याळ बोलू लागते तेव्हा रुग्ण धोक्याच्या काठावर आलेला असतो.

याहून तीक्ष्ण तपासणीचा रस्ता गुरांच्या गोठ्यातून गेला. उत्तर अमेरिकेत १९२० च्या दशकात स्वीट क्लोव्हर नावाचा चारा ओलसर राहून बुरसला की तो खाणारी गुरे रक्तस्रावाने मरत. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, खराब चारा आणि कॅनभर न गोठलेले रक्त घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक यांच्या गटाने १९३९ मध्ये त्या चाऱ्यातून डायकुमारॉल वेगळे केले. त्याचाच पुढचा भाऊ वॉर्फरिन, जो १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आला आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाला. ही औषधे 'के' नष्ट करत नाहीत. 'के'चा रेणू एकदा वापरला की यकृत त्याला पुन्हा पूर्वस्थितीत आणून परत परत वापरते. वॉर्फरिन नेमकी ही परतीची वाट अडवते. म्हणून त्या शिक्षिकांच्या आईच्या रक्तात 'के' असेलही; त्याचे काम किती चालले आहे हे कागदावर दिसते. सशाच्या मेंदूचा अर्क प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो आणि एका गावचे सेकंद दुसऱ्या गावी जुळत नाहीत, म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे समान गुणोत्तर स्वीकारले. आईंनी मेथी-पालक सोडण्याचेही कारण नाही. रोजचे प्रमाण फार वरखाली होऊ नये आणि बदल करायचा तर डॉक्टरांना विचारून, एवढेच.

तर ही औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात काहीतरी विचित्र आहे, असे १९६३ मध्ये नेदरलँड्समधील हेम्कर आणि सहकाऱ्यांना आढळले. प्रथिने नुसती कमी झाली असतील असे मानून केलेले गणित जुळेना; रक्तात गोठण्याला आडवे येणारे आणखी एक काही असावे असे आकडे सांगत होते. १९६८ मध्ये स्वीडनच्या गानरोट आणि निलेन यांनी ते दाखवले. रुग्णांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिनसारखेच दिसणारे एक प्रथिन होते, पण त्याला कॅल्शियम पकडता येत नव्हते. 'के' नसले तरी यकृत काम थांबवत नाही. ते अर्धवट माल बाहेर पाठवत राहते. या अर्धवट मालाला पुढे 'पिव्का' हे नाव पडले, 'के'च्या अभावी तयार होणारे प्रथिन अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे.

पूर्ण आणि अर्धवट प्रथिनांत फरक कोणता हे शोधताना एक मजेशीर अडचण आली. दोन्हींचे घटक सुटे करून पाहिले तर अमिनो आम्ले तंतोतंत सारखी. १९७४ मध्ये योहान स्टेनफ्लो आणि इतरांना कारण सापडले. प्रोथ्रॉम्बिनच्या सुरुवातीच्या भागात ग्लुटामिक आम्लाचे दहा घटक आहेत. 'के'च्या मदतीने त्या प्रत्येकावर कार्बन डायॉक्साइडचा एकेक रेणू चढवला जातो, आणि त्यामुळे शेजारी शेजारी आलेले दोन आम्लगट कॅल्शियमला चिमट्यासारखे धरतात. प्रथिन सुटे करण्याची नेहमीची पद्धत म्हणजे ते तीव्र आम्लात उकळणे. त्यात हा चढवलेला कार्बन डायॉक्साइड निघून जाई! वर्षानुवर्षे तपासणीच पुरावा पुसून टाकत होती.

पिव्का मोजता येऊ लागल्यावर 'के'ची सौम्य उणीवही दिसू लागली, सेकंद हलण्याच्या कितीतरी आधी. १९८४ मध्ये यकृताच्या कर्करोगातही पिव्का वाढते असे आढळले आणि जपानसारख्या देशांत त्या रोगाची खूण म्हणून ती मोजली जाते. तो विषय वेगळा.

आता उरले खुद्द 'के'. ते रक्तात मोजणे इतके अवघड का? प्रमाण बघा. उपाशीपोटी एक मिलिलिटर रक्तद्रवात 'के-१' साधारण अर्धा नॅनोग्रॅम असते. 'क' याच्या दहा हजारपटींहून जास्त. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे तीन लिटर रक्तद्रव धरले तर त्यातले सगळे 'के-१' मिळून दीड मायक्रोग्रॅम भरेल. साखरेचा एक दाणा अर्धा-एक मिलिग्रॅमचा धरला तर त्याच्या वजनाइतके 'के' जमवायला काही शे माणसांचे रक्तद्रव लागेल. त्यातही ते प्रचंड प्रमाणातल्या इतर स्निग्ध पदार्थांत बुडालेले, आणि उजेडात नष्ट होणारे. नमुने प्रकाशापासून झाकून ठेवावे लागतात.

गाळण कागदावर शाईचे रंग वेगळे करण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो. त्याच तत्त्वावर चालणारी, पण उच्च दाबाखाली द्रव ढकलणारी एचपीएलसी ही यंत्रणा १९७० च्या दशकात प्रयोगशाळांत आली. तिने 'के' इतरांपासून वेगळे निघाले. मग त्यावर हायड्रोजन चढवून त्याचे रूप बदलले की ते अतिनील प्रकाशात चमकते, आणि ती चमक मोजता येते. दशकाच्या अखेरीपासून माणसाच्या रक्तातील 'के-१'चे भरवशाचे आकडे येऊ लागले.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील मार्टिन शिअरर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत ज्या प्रश्नाला लावली तो जुना होता. बॉस्टनच्या चार्ल्स टाउनसेंड यांनी १८९४ मध्ये अशा ५० नवजात अर्भकांची नोंद केली होती, ज्यांना पहिल्या काही दिवसांत कारणाशिवाय रक्तस्राव झाला. १९३९ पासून अशा बाळांना 'के' देऊ लागले. मध्यंतरी कृत्रिम 'के-३'चे मोठे डोस दिले गेले आणि त्याने बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढली, हेही खरे. १९६१ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने प्रत्येक नवजात बाळाला अर्धा ते एक मिलिग्रॅम 'के-१' द्यावे अशी शिफारस केली. पण सरसकट सगळ्यांना का? रक्त तपासून ज्याला गरज आहे त्यालाच का नको? हा विचार पालकांच्या मनात आजही येतो आणि तो गैर नाही.

१९८२ मध्ये शिअरर यांच्या गटाने आई आणि तिचे बाळ यांच्या रक्तातले 'के-१' जोडीने मोजले. आईचे प्रमाण नेहमीसारखे. नाळेच्या रक्तात मात्र ते इतके कमी की त्या वेळच्या यंत्राला सापडेना. काही मातांना प्रसूतीपूर्वी शिरेतून एक मिलिग्रॅम 'के' दिले. आईच्या रक्तातले प्रमाण अनेक पटींनी चढले, पण नाळेच्या रक्तातला आकडा जेमतेम हलला. नंतरच्या मोजमापांत आई आणि बाळ यांच्यातला फरक साधारण वीस ते चाळीस पट निघाला. वार हे जीवनसत्त्व जवळजवळ अडवूनच धरते. पुढे आईच्या दुधातही ते फार थोडे असते, लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम. आईने पालेभाजी नीट खाल्ली नाही म्हणून बाळाला रक्तस्राव झाला, असे सुनेला बोलणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

म्हणजे जी तपासणी गरजू बाळे निवडून काढील असे वाटले होते, तिने सगळीच बाळे एका रांगेत उभी केली. सगळ्यांचेच 'के' नगण्य. त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही आणि थोड्यांना होते. ते थोडे कोण, हे 'के'च्या आकड्यावरून जन्मावेळी सांगता येत नाही. युरोपातील नोंदींनुसार 'के' न दिलेल्या बाळांत दर लाखामागे सुमारे चार ते सात जणांना दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान उशिराचा रक्तस्राव होतो. आकडा लहान दिसतो. पण हा रक्तस्राव बऱ्याचदा मेंदूत होतो, आणि तोही तोवर अंगावरच्या दुधावर चांगल्या वाढणाऱ्या बाळाला.

मोठ्या माणसांतही रक्तातल्या 'के-१'ची तपासणी अपेक्षेइतकी उपयोगी ठरली नाही. ती बरीचशी काल-परवाचे जेवण सांगते. दोन दिवस पालेभाजी भरपूर खाल्ली की आकडा वर, सोडली की काही दिवसांत खाली. रक्तात चरबी वाढलेली असली तरी आकडा वर. यकृतात प्रत्यक्ष काम किती चालले आहे हे जाणायला पिव्काच बरी. त्यामुळे संशोधक दोन्ही मोजतात आणि एका आकड्यावर विसंबत नाहीत.

१९९२ मध्ये ब्रिस्टलच्या एका अभ्यासाने इंजेक्शनचा संबंध बालपणीच्या कर्करोगाशी असावा अशी शंका उपस्थित केली आणि मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील सुमारे १३ लाख ८० हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तसा संबंध आढळला नाही, आणि नंतरच्या अभ्यासांनीही शंकेला दुजोरा दिला नाही. भारतात केंद्र सरकारने २०१४ मध्ये रुग्णालयात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला मांडीच्या स्नायूत एक मिलिग्रॅम, आणि एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम 'के-१' देण्याच्या सूचना काढल्या. त्यासाठी रक्त तपासावे लागत नाही.

आणि एखादे बाळ इंजेक्शन न मिळता राहून गेले, महिन्याभराने नाकातून किंवा बेंबीतून रक्त येते म्हणून आई त्याला घेऊन आली, तर डॉक्टर काय करतात? प्रोथ्रॉम्बिन टाइमसाठी रक्त काढतात, आणि उत्तराची वाट न पाहता 'के' देतात. काही तासांनी पुन्हा रक्त घेऊन सेकंद मोजतात. ते उतरले असतील तर निदान झाले. पिव्काचा नमुना पाठवलाच असेल तर त्याचे उत्तर मागाहून येते, बाळ बहुधा दूध पिऊ लागल्यावर.